बाप्पाचा अभिमान

मराठ्यांच्या धास्तीने कोलकात्याने एकदा खंदक खणायला घेतला होता. बागबाजारपासून सुरुवात झाली, बरीच माती उपसली गेली, पण मराठे काही आलेच नाहीत. लोकांचा उत्साह मावळला, खंदक अर्धाच राहिला आणि पुढे बुजवून त्याचा रस्ता झाला. मराठे आले ते पुष्कळ उशिरा, एकेकटे, बदलीची ऑर्डर खिशात घालून. केयूर नाडगौडाकडे तर तीही नव्हती. तो आला बायकोच्या ऑर्डरवर.

वृंदा नाडगौडा राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. तिची कोलकात्याला बदली झाली तेव्हा केयूर मुंबईत पेंग्विनांची देखभाल करत होता. नवऱ्याच्या बदलीमागे बायकोने बिऱ्हाड उचललं की त्याला संसार म्हणतात. उलट झालं की त्याला अडचण म्हणतात, आणि ती किती मोठी आहे हे सांगायला नातेवाईक फोन करतात. केयूरच्या नशिबाने त्याच सुमारास कोलकात्याच्या पूर्वेच्या टोकाला एका खाजगी पक्षीगृहात आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पेंग्विन आले होते. ते सांभाळायला अनुभवी माणूस हवा होता. अशा जाहिरातीला अर्जांचा पाऊस पडत नाही. केयूरला नोकरी मिळाली, दोघांनी डमडमला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि दिवाळीच्या फराळाला ती दोघं इथल्या आमच्या मराठी मंडळात आली.

आमच्या मंडळात बँका, रेल्वे, विमा आणि केंद्र सरकारची इतर खाती यांखेरीज जग आहे असं कुणी फारसं मानत नाही. सुधाकर गोगटे एका सरकारी कंपनीतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. नव्या माणसाची चौकशी करण्याचं काम त्यांच्याकडे असतं.

"वृंदाताईंचं कळलं. आपण कुठे?"

"मी पेंग्विन सांभाळतो."

गोगट्यांनी हातातली चकली बशीत ठेवली. जरा विचार केला.

"कायम की कंत्राटी?"

"कंत्राटी."

"आणि पेंग्विन?"

"ते कायम," केयूर म्हणाला.

त्या एका उत्तरावर तो आमचा झाला.

पेंग्विन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. हे पेंग्विन तसले नाहीत. हे उन्हातान्हातल्या खडकाळ किनाऱ्यावरचे, उंचीला गुडघ्याएवढे, आणि आवाज काढतात तो हुबेहूब गाढवाचा. पंख आहेत, पण उडण्याचा विषय त्यांनी फार पूर्वी सोडून दिला. जमिनीवर ते लग्नात पहिल्यांदाच कोट घातलेल्या मामासारखे चालतात, आणि पाण्यात पडले की डोळ्यांना दिसत नाहीत इतके वेगाने जातात. जगात आता ते फार थोडे उरले आहेत. समुद्रातले त्यांचे मासे माणसांनी आधीच पकडून नेले हे त्याचं एक मोठं कारण. मासे कुणी खाल्ले हा प्रश्न कोलकात्यात उघडपणे विचारत नाहीत.

केयूर मूळचा मिरजेचा. घरात अंडंसुद्धा न शिवणाऱ्या कुटुंबातला. तो दिवसभर माशाच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी दडपतो आणि मासा डोक्याच्या बाजूने पेंग्विनाच्या चोचीपुढे धरतो. संध्याकाळी डमडमच्या बसमध्ये चढतो तेव्हा त्याच्या अंगाला माशाचा वास येतो. इतर शहरांत अशा माणसाशेजारची जागा रिकामी होते. इथे शेजारचा गृहस्थ जवळ सरकून विचारतो, "दादा, कुठल्या बाजारातून आणलेत?"

त्याच्याबरोबर काम करणारे ननीगोपाल मंडल, म्हणजे ननीदा, वयाने मोठे. आधी पोपट सांभाळायचे. पोपट बोलतात आणि ननीदाही बोलतात, त्यामुळे तिथे जरा गर्दी होत असावी. पेंग्विनांसाठी येणाऱ्या गोठवलेल्या माशांबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. "याचे डोळे बघा," ते मासा उचलून म्हणतात. "हा मासा मेला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं." पण पेंग्विनांना नावं दिली ती त्यांनीच. पंखाला लावलेल्या पट्ट्यांवर नंबर आहेत. ननीदांच्या मते नंबर कचेरीला, घरात हाक मारायला वेगळं नाव लागतं. बंगाल्यांत प्रत्येकाला असं एक डाकनाम असतं आणि ते जितकं बावळट तितकं प्रेमाचं. त्या हिशोबाने पिवळ्या पट्टीच्या नराचं नाव ठेवलं बाप्पा आणि त्याच्या मादीचं टुकटुकी.

"बाप्पा?" केयूर दचकला होता. "आमच्याकडे बाप्पा म्हणजे गणपती."

"आमच्याकडे बाप्पा म्हणजे माझा मेव्हणा," ननीदा म्हणाले.

यावरून मिरजेत घोटाळा झालाच. केयूर पहिल्या आठवड्यात फोनवर आईला म्हणाला, "आज बाप्पा जेवलाच नाही." पलीकडून सुनंदाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "अरे, सोवळ्यात केला होतास ना नैवेद्य?" तेव्हापासून त्या बाप्पाचा विषय निघाला की आधी खात्री करून घेतात: "कुठला? चोचवाला?"

बाप्पाने केयूरला आपलं मानलं होतं. मासा खायचा तर त्याच्याच हातचा. संध्याकाळी निघताना केयूर वाकून "येतो रे बाप्पा" म्हणायचा आणि बाप्पा त्याच्या गमबुटावर चोच आपटायचा. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, ही मिरजेची शिकवण. बाप्पाला ती समजत होती असा दावा केयूरने कधी केला नाही. पण चोच आपटल्याशिवाय तो कधी निघालाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात टुकटुकीने अंडं घातलं. त्या पक्षीगृहातलं पहिलं. बाप्पा आणि टुकटुकी पाळीपाळीने त्यावर बसू लागले, एकाने बसायचं, दुसऱ्याने पोहून-खाऊन यायचं. छायाचित्रकार येऊन गेले. दोन वर्तमानपत्रांत बाप्पाचा फोटो आला, एकात चुकून ननीदांच्या नावाखाली. आणि नेमकं तेव्हाच मिरजेला केयूरच्या वडिलांचं, अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी हावड्याकडचा रस्ता तुंबला होता, गाडी चुकेल अशी धास्ती पडली, आणि केयूर मासे भरवता भरवता बादली तशीच ठेवून पळाला. येतो म्हणायचं राहून गेलं. बसमधून त्याने कामाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: 'गावी चाललोय, आठवड्याने भेटू.' पुढे एक अंगठा.

आठवड्याने तो परतला तेव्हा बाप्पाने त्याच्याकडे पाठ केली.

मासा पुढे धरला, मान वळवली. दुसऱ्या बाजूने धरला, त्याही बाजूने वळवली. आठवडाभर ननीदांच्या हातून तो कसाबसा एखाद-दुसरा मासा खात होता; आता तेही बंद. डॉक्टरबाईंनी तपासलं. ताप नाही, घसा साफ, पिसं झडण्याचा काळ नाही. "दुखत काही नाही," त्या म्हणाल्या. "खायचं नाही, एवढंच."

केयूरने ननीदांना विचारलं, "याला झालंय तरी काय?"

ननीदा बादली धूत होते. वर न बघता म्हणाले, "ओर अभिमान होएछे."

बंगाली शिकणं मराठी माणसाला सोपं जातं. निम्मे शब्द ओळखीचे असतात, आणि घात करतात ते हेच. केयूर नवा असताना एकदा ननीदा कुलूप उघडत म्हणाले होते, "चेष्टा कोरछि," म्हणजे प्रयत्न करतोय. केयूरला वाटलं, आपली थट्टा चालली आहे, आणि त्याने दोन दिवस तोंड फिरवलं होतं. तो शब्द नंतर कळला. पण अभिमान? त्यात कळायचं काय होतं? अभिमान म्हणजे अभिमान. बाप होणार, पेपरात फोटो आला, काचेपुढे गर्दी जमते. माज चढलाय!

माजावरचा उपाय केयूरला घरातच शिकायला मिळाला होता. त्याचे वडील मुख्याध्यापक होते, आणि शाळेत पहिला आलेल्या मुलाकडे ते आठवडाभर बघत नसत. केयूरने तेच धोरण धरलं. आत गेला की आधी बाकीच्यांना भरवायचं. बाप्पाजवळून जाताना नजर दुसरीकडे. हाक मारायची नाही. संध्याकाळी येतो म्हणायचं तर नावच नको.

बाप्पा आणखी मिटला. तळ्याकाठच्या उंच खडकावर भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. आणि मग त्याने घरट्यावर जाणंही सोडलं. टुकटुकी अंड्यावर बसून मान लांब करून ओरडायची, उठावं की न उठावं अशी चुळबुळ करायची, पण पाळी बदलायला कुणी येत नव्हतं. तिला घरट्यातच मासे द्यावे लागले. ती तरी किती दिवस काढणार?

डॉक्टरबाईंनी सांगितलं, "सोमवारपर्यंत बघू. नाही बसला तर अंडं उबवणीच्या यंत्रात ठेवू, आणि बाप्पाला जबरदस्तीने भरवू. पिल्लू जगेल. पण आपल्या हातून वाढलेल्या पिल्लाला आपण पेंग्विन आहोत हे कळायला वेळ लागतो. कधीकधी कळतच नाही."

केयूर टुकटुकीसाठी मासे काढायला गेला. ननीदा हल्ली फार कमी बोलत. केयूरला मिस्टर नाडगौडा म्हणत. दुपारचा चहाही त्यांनी त्याच्यासाठी आणणं बंद केलं होतं. केयूरला वाटलं, अंड्याची काळजी लागली असेल.

शनिवारी संध्याकाळी वृंदा भेंडी चिरत होती.

"आजपण नाही खाल्लं," केयूर म्हणाला. "एवढा माज पक्ष्याला? ननीदासुद्धा म्हणतात, अभिमान झालाय."

वृंदाची सुरी थांबली. "अभिमान आहे म्हणाले की झालाय म्हणाले?"

"झालाय. होएछे. काय फरक पडतो?"

"अरे, अभिमान असतो. होत नाही. होतो तो ताप."

"म्हणजे?"

"आमच्या बँकेत एक माशीमा येतात," वृंदा सांगू लागली. माशीमा म्हणजे मावशी. घरात माशी आली की नाडगौडा दांपत्य अजून हसतं. "एकदा मी कामात होते, त्यांना जरा बसा म्हटलं आणि विसरले. त्या उठून गेल्या. मग यायच्या, पण दुसऱ्या टेबलाकडे. आमचा क्लार्क म्हणाला, माशीमार अभिमान होएछे, माशीमांना अभिमान झालाय. मलाही वाटलं, बाई गर्विष्ठ दिसते. मीही नियमाला धरून बोलायला लागले. तर सगळी बँक माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांना जिन्यावरून ढकललंय."

"मग?"

"मग क्लार्कनेच समजावलं. परक्या माणसाने दुखावलं तर राग येतो. आपल्या माणसाने विचारलं नाही तर जे होतं, तो अभिमान. तो फक्त आपल्या माणसावरच होतो."

केयूर उभाच राहिला. "म्हणजे रुसलाय?"

"रुसलाय."

"मग सरळ रुसलाय म्हणायचं ना!"

"म्हणाले की ते. त्यांच्या भाषेत."

"आणि तुला हे माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तू मला पक्षी माजलाय एवढंच सांगत होतास. ते मराठी होतं. त्यात मी काय दुरुस्त करणार?"

केयूरने सरळ आईला फोन लावला.

"आई, बाप्पा रुसलाय."

"कुठला?"

"चोचवाला."

"मग ठीक आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नात भाऊकाका रुसले होते ना, खोलीत उशी कमी पडली म्हणून?"

"हो. त्यांना पंगतीत आणलं कसं?"

"सगळे जाऊन विचारत होते, काय झालं, काय झालं. ते आणखीच फुगले. शेवटी शरदमामा गेला. त्यांच्या खाटेशेजारी खाली जमिनीवर बसला आणि अडकित्त्याने सुपारी कातरत बसला. उशीचं नाव नाही काढलं. गावाकडच्या पावसापाण्याचं बोलत राहिला. रुसलेल्याला का रुसलास म्हणून कधी विचारू नये रे, त्याला ते सांगायला लागलं की लाज वाटते. त्याच्याहून खाली बसावं, हाताला आपलं काहीतरी काम घ्यावं, आणि खायला जवळ ठेवावं. पुढे करू नये. जवळ ठेवावं."

रविवारी सकाळी केयूर आत गेला तो घरट्याचे गोटे घेऊन. पेंग्विन घरट्यात गोटे रचतात आणि एकमेकांचे पळवतात. मधूनमधून ते घासून परत द्यावे लागतात. बाप्पा उंच खडकावर भिंतीकडे तोंड करून उभा होता. केयूर त्या खडकाच्या पायथ्याशी ओल्या फरशीवर फतकल मारून बसला, माशांची बादली जराशी लांब सरकवली आणि ब्रशने गोटे घासू लागला.

"अण्णांचा डावा डोळा आता चांगला दिसतो," तो गोट्याला म्हणाला. "पण ते मान्य करत नाहीत. म्हणतात, वर्तमानपत्रंच हल्ली स्पष्ट छापतात."

खडकावर हालचाल नाही. काचेपलीकडे ननीदा येऊन उभे राहिले होते.

"मिरजेला थंडी नव्हती. स्टेशनवर चहा गार होता. परत येताना गाडीत एक बाई रात्रभर घोरत होती, अगदी तुझ्यासारखी."

बराच वेळ गेला. फरशीचा ओलावा पँटमधून आत पोचला. केयूरने अण्णांच्या डोळ्यात थेंब टाकण्याचं वेळापत्रक सांगितलं, मिरजेतल्या रस्त्यांच्या खड्ड्यांविषयी सांगितलं, शेजारच्यांनी गच्चीवर घातलेला पत्रा कसा बेकायदा आहे तेही सांगितलं. मग मागे थप-थप असा ओला आवाज झाला. एक घासलेला गोटा ढिगातून नाहीसा झाला. केयूरने वळून बघितलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी चोच गोट्यावर आली नाही. ती केयूरच्या हातावर आली, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर, आणि कचकचून मिटली.

केयूर ओरडला. बाप्पा त्याहून मोठ्याने, मान आभाळाकडे करून, गाढवाच्या आवाजात ओरडला. त्या ओरडण्याला लांबी होती, मुद्दे होते, मध्ये श्वास घेऊन पुन्हा सुरुवात होती. काचेपलीकडे ननीदा हात उंचावून नाचत होते: "भेंगेछे! अभिमान भेंगेछे!" रुसवा मोडला, एवढाच त्याचा अर्थ, तो कळायला या वेळी वृंदाची गरज पडली नाही.

"चुकलं रे माझं," केयूर म्हणाला. "न सांगता गेलो."

बाप्पाने बादलीकडे बघितलं. केयूरने चांगल्या हाताने एक मासा उचलला. बाप्पाने तो घेतला, फिरवून डोक्याच्या बाजूने घातला आणि गिळला. मग दुसरा. मग मोजायचं कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. पोट भरल्यावर तो कोटाच्या बाह्या सारख्या कराव्यात तसे पंख झटकून घरट्याकडे निघाला. टुकटुकीने त्याला आत घेण्याआधी जे सुनावलं ते इथे देण्याचं कारण नाही; विवाहित वाचकांना अंदाज येईल. ते संपल्यावर ती उठली आणि तडक पाण्यात गेली. बाप्पा अंड्यावर बसला, पोटाखाली ते नीट सारलं आणि डोळे मिटले.

डॉक्टरबाईंनी हाताला पट्टी बांधताना केयूरला विचारलं, "औषध काय दिलंत?"

"गप्पा," केयूर म्हणाला.

तो आनंदाने ननीदांकडे धावला. नाचून झाल्यावर ते पुन्हा मासे निवडायला बसले होते. "भालो," ते म्हणाले. "छान झालं, मिस्टर नाडगौडा." आणि बादलीकडे वळले.

एखादा शब्द कळला की तो सगळीकडे दिसू लागतो. केयूर क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने एक रिकामा क्रेट उलटा केला, ननीदांच्या मोढ्याहून, म्हणजे वेताच्या स्टुलाहून, तो बुटका आहे याची खात्री केली, त्यावर बसला आणि काही न बोलता मासे निवडू लागला. मोडके एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला. बसण्याआधी चहाचे दोन कप आणून त्याने जवळ ठेवले होते. पुढे केले नाहीत.

अर्धी बादली झाल्यावर ननीदा म्हणाले, "कुठला डोळा?"

"डावा."

"माझ्या मेव्हण्याचा उजवा झाला. बाप्पाचा. मला सांगितलं असतंत तर काय काय काळजी घ्यायची ते सगळं सांगितलं असतं." ते थांबले. एक मासा उगाच दोनदा बघितला. "तुम्ही अंगठा पाठवलात. वडिलांचं ऑपरेशन, ते मला कचेरीतून कळलं, आणि तुमचा नुसता अंगठा!"

"चुकलं, ननीदा."

"आमच्याकडे निघताना जाच्छि म्हणत नाहीत, माहीत आहे? जातो म्हणत नाहीत. आशि म्हणतात. येतो."

"आमच्याकडेही," केयूर म्हणाला.

"मग तुम्हाला माहीत होतं!" ननीदांना हे जास्तच लागलं. पण चहा त्यांनी उचलला. गार झाला होता, तसं त्यांनी सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास मोतीबिंदूवर बोलले. त्या दिवसापासून मिस्टर नाडगौडा पुन्हा केयूरबाबू झाले.

पिल्लू यथावकाश बाहेर आलं, राखाडी, लोकरीच्या गुंड्यासारखं, आणि जन्मतःच भुकेलं. बाप्पा त्याला भरवायचा. त्याचं भागलं नाही की ते आईच्या चोचीवर धाड घालायचं, आणि चालता येऊ लागल्यावर शेजारच्यांच्याही. आमच्या मंडळात केयूरने पेढे वाटले. गोगट्यांनी पेढा खाऊन विचारलं, "हेही कायमच ना?" आणि समाधानाने मान हलवली.

डाकनाम ठेवण्याचा मान अर्थातच ननीदांचा. त्यांनी पिल्लाची वागणूक आठवडाभर पाहिली आणि जाहीर केलं: "बर्गी."

बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार. त्यांची भीती घालून बंगालातल्या आया अजून मुलांना झोपवतात.

"हे बरं आहे!" केयूर म्हणाला. "आमच्या लोकांच्या नावाने?"

"प्रत्येकाच्या माशातला चौथा हिस्सा घेतो. दुसरं काय नाव ठेवणार? शिवाय खंदक नीट खणला नव्हता. कधीतरी येणारच होते."

केयूर काचेकडे वळला. काचेपलीकडे बर्गी बापाच्या पोटाखालून अर्धा बाहेर आला होता आणि शेजारच्या घरट्याचा अंदाज घेत होता. ननीदांनी केयूरच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि जरा काळजीने विचारलं, "की होलो, काय झालं? अभिमान होएछे?"

"होएछे," केयूर म्हणाला. कुठल्या भाषेतला, ते त्याने सांगितलं नाही.